एसीच्या रिमोटला पडदा का असतो?

घरात एसी असेल तर त्याचा रिमोट हातात घ्या. नसेल तर मावशीकडे, शेजारी, जिथे असेल तिथे जाऊन तो नीट बघून या. त्याच्यावर एक छोटासा पडदा असतो. त्यावर तापमान दिसतं, पंख्याचा वेग दिसतो, ‘कूल’ आहे की ‘ड्राय’ तेही दिसतं. आता टीव्हीचा रिमोट बघा. बटणं कितीतरी जास्त, पण पडद्याचा पत्ता नाही. असं का बरं?

मोठ्यांना विचारून एक गंमत करू या. एसी २४ वर चालू ठेवा. रिमोट घेऊन दुसऱ्या खोलीत जा, दार लावा आणि तापमान कमी करत करत २० वर आणा. रिमोटच्या पडद्यावर २० आलं. एसीला मात्र याची काहीच खबर नाही, तो आपला २४ वरच चालला आहे. आता परत या, रिमोट एसीकडे धरा आणि ‘वाढव’चं बटण एकदाच दाबा. रिमोटवर २१ दिसेल. एसी ‘टुंग’ करेल. सांगा पाहू, एसी आता कितीवर गेला असेल?

रिमोट जर ‘एक अंश वाढव’ एवढंच म्हणाला असता, तर एसी २५ वर जायला हवा होता. पण तो जातो थेट २१ वर! कारण एसीचा रिमोट, बहुतेक सगळ्याच कंपन्यांचा, दर वेळी अख्खी यादी पाठवतो: चालू राहा, थंड कर, तापमान २१, पंखा मध्यम, झडपा हलत्या ठेव. तुम्ही बटण कुठलंही दाबा, यादी पूर्ण जाते. ही यादी लक्षात कोण ठेवतं? रिमोट. म्हणून पडदा त्याला. टीव्हीचा रिमोट एवढं काही लक्षात ठेवत नाही. तो फक्त ‘आवाज वाढव’ म्हणतो आणि विसरून जातो. आवाज किती झाला ते टीव्हीच्याच पडद्यावर दिसतं.

हे लक्षात असू द्या. आज अनेक घरांत ‘हॉलचा एसी २६ वर ठेव’ असं म्हटलं की एसी ऐकतो. दहा वर्षांचा जुना एसीसुद्धा ऐकतो, ज्याला ना कान आहेत ना इंटरनेट. ते कसं घडतं आणि कधी कधी का फसतं, हे कळण्याची किल्ली या यादीतच आहे.

आधी रिमोट बोलतो कसा ते पाहू. त्याच्या टोकाला एक बारीक एलईडी दिवा असतो. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट पांढरा दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा. मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच बहुधा जास्त कडक असते.

हे किरण म्हणजे अवरक्त किरण, इंद्रधनुष्यातल्या तांबड्याच्या पलीकडचे. विल्यम हर्शेल यांना ते १८०० साली इंग्लंडमध्ये सापडले. युरेनस ग्रह शोधणारे तेच हे हर्शेल. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात किती उष्णता असते हे ते तापमापीने मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे कुठलाच रंग दिसत नव्हता, तिथली तापमापी सगळ्यांत जास्त चढली. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तापमापी ठेवून बघावंसं वाटणं, हीच मला या शोधातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते.

पण अवरक्त म्हणजे फक्त उष्णता असं समजू नका. रिमोटच्या किरणांची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते, म्हणजे तांबड्या रंगाच्या अगदी शेजारची. आपल्या अंगातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण त्याच्या जवळजवळ दहापट लांबीचे असतात. सह्याद्रीतल्या चापडा सापाला अंधारात उंदराची ऊब जाणवते ती या लांब किरणांमुळे.

आता खरी अडचण ऐका. अवरक्त किरण सूर्यातून येतात, पिवळ्या बल्बमधून येतात, मेणबत्तीतूनही येतात. एवढ्या गर्दीत टीव्हीला रिमोटचेच किरण कसे ओळखू यावेत? यावर उपाय असा की रिमोटचा दिवा नुसता लागत नाही, तो एका सेकंदाला ३८,००० वेळा या वेगाने लुकलुकतो. (काही कंपन्या ३६,००० किंवा ४०,००० चा वेग वापरतात.) टीव्हीतला डोळा याच वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडे लक्ष देतो आणि बाकीच्याकडे काणाडोळा करतो.

या लुकलुकीचे छोटे-मोठे झोत करून त्यांतून निरोप बनतो. एक फार प्रचलित पद्धत आहे, तिचा नमुना सांगतो. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, म्हणजे ‘लक्ष द्या!’ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात दिवा सुमारे ३४० वेळा लुकलुकून झालेला असतो. मग साडेचार मिलिसेकंद शांतता. त्यानंतर ३३ आखूड झोत. दोन झोतांमधली शांतता थोडी असेल तर तो शून्य, सुमारे तिप्पट असेल तर तो एक. आधी यंत्राचा क्रमांक, मग बटणाचा क्रमांक. आणि प्रत्येक क्रमांक दोनदा: एकदा सरळ, एकदा उलटा, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही समजतो की वाटेत काहीतरी घोटाळा झाला आणि तो निरोप सोडून देतो. हे सगळं सेकंदाच्या पंधराव्या भागात आटोपतं, तुमचं बोट बटणावरून उचललं जाण्याआधीच.

एवढी खबरदारी उगाच आलेली नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी प्रकाशाचा पहिला रिमोट बनवला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशडोळे, आणि हातात बॅटरीसारखा झोत टाकणारं यंत्र. खिडकीतून ऊन पडलं की टीव्ही आपणहून चॅनल बदलायचा! पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून आवाजाचा रिमोट केला. बटण दाबलं की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा उंच सूर निघायचा. त्याला सेलसुद्धा लागत नसे.

आता येऊ आपल्या बोलक्या घराकडे. यात तीन गडी आहेत: बोलणं ऐकणारा स्पीकर, निरोप पोचवणारं वाय-फाय, आणि तिसरी एक काळी डबी, पेढ्यांच्या छोट्या खोक्याएवढी. तिला आयआर ब्लास्टर म्हणतात. माझा जीव या डबीवर आहे. हिच्या आत सगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले अवरक्त दिवे असतात आणि किरण टिपणारा एक डोळा. अंगावरचं प्लास्टिक काळं दिसतं, पण अवरक्त किरण त्यातून आरपार जातात.

जंगलातला भृंगराज पक्षी जसा दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज ऐकून हुबेहूब काढतो, तशी ही डबी रिमोटची नक्कल करते. तिला शिकवायचं असेल तर रिमोट तिच्यासमोर धरून बटण दाबायचं. झोत किती वेळ, शांतता किती वेळ, पुन्हा झोत किती वेळ, अशी आकड्यांची ओळ ती साठवून ठेवते. त्या ओळीचा अर्थ तिला कळला पाहिजे असं मुळीच नाही. हवं तेव्हा ती त्याच वेळा पाळून दिवे लुकलुकवते. टीव्हीला वाटतं, रिमोटच बोलला! डबी टीव्हीच्या समोर नसली तरी बरेचदा चालतं, कारण हे किरण भिंतीवरून, छतावरून परततात. तुम्हीही टीव्हीकडे पाठ करून, समोरच्या भिंतीवर रिमोट रोखून हे करून बघा.

तुम्ही ‘हॉलचा एसी २६ वर ठेव’ म्हणता तेव्हा काय होतं? स्पीकर एरवी फक्त स्वतःच्या नावाची वाट बघत असतो. तेवढं ओळखण्याची चिप त्याच्या आतच असते. नाव ऐकलं की पुढचं वाक्य तो इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे पाठवतो. तिथे आवाजाचे शब्द होतात आणि शब्दांतून कामाची माहिती निवडली जाते: कुठला एसी? हॉलचा. काय करायचं? २६. हा हुकूम डबीच्या कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथून तुमच्या वाय-फायवर, वाय-फायवरून डबीकडे. मग दिवे लुकलुकतात आणि एसी म्हणतो ‘टुंग’. तुमच्या पलंगापासून एसीपर्यंतच्या तीन मीटरांसाठी निरोप गावाबाहेर जाऊन आला. काही हौशी मंडळींना हा वळसा नको असतो. ती घरातच एक छोटा संगणक ठेवतात आणि त्यावर ‘होम असिस्टंट’ नावाची, २०१३ पासून चालत आलेली मोफत प्रणाली चालवतात. मग नेट बंद असलं तरी काम होतं.

आणि ती यादी आठवते ना? डबीला एसीचं ‘२६’ शिकवताना रिमोटवर पंखा जोरात असेल, तर प्रत्येक वेळी २६ म्हटलं की पंखाही जोरात होईल. डबीने अख्खी यादी पाठ केली आहे. म्हणून अशा डब्यांच्या बहुतेक ॲपमध्ये एसीसाठी कंपनीवार तयार याद्या दिलेल्या असतात.

काही रिमोट मात्र या डबीला मुळीच दिसत नाहीत. बिनतारी डोअरबेल घ्या, सोसायटीचं सरकतं गेट घ्या. यांचे रिमोट प्रकाशाने नाही, रेडिओलहरींनी बोलतात, पुष्कळदा ४३३ मेगाहर्ट्झवर. या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या हातापेक्षाही जास्त. भिंतीतून ती आरामात जाते. भिंतीपलीकडची घंटा वाजवण्याची ही करामत कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास करून दाखवली होती. त्यांनी लहरी मात्र खूपच आखूड वापरल्या होत्या. काही डब्यांमध्ये दिव्यांबरोबर रेडिओचा भागही असतो, आणि त्या साध्या गेटच्या रिमोटची नक्कल करू शकतात.

मोटारीच्या किल्लीची नक्कल मात्र जमत नाही, आणि हे फार चांगलं आहे. किल्ली आणि गाडी दोघींकडे एकच गुप्त क्रमांक असतो आणि एक मोजणी. दर वेळी बटण दाबलं की मोजणी पुढे सरकते आणि नवा संकेत तयार होतो. वापरून झालेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारत नाही. डबीने संकेत टिपला तरी तो शिळा! मग खिशात किल्लीचं बटण चुकून दाबलं गेलं तर? त्याचीही सोय आहे: गाडी पुढचे काही संकेत मान्य करते आणि आपली मोजणी किल्लीशी जुळवून घेते.

आता त्या फसण्याकडे. टीव्हीच्या बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण असतं. ताईने टीव्ही हाताने बंद केला. डबीला ते माहीत नाही. तुम्ही म्हणालात ‘टीव्ही बंद कर’, डबीने तेच बटण ‘दाबलं’, आणि बंद टीव्ही सुरू झाला! चूक कोणाचीच नाही. हा निरोप एकाच दिशेने जातो. एसी ‘टुंग’ करतो ते आपल्या कानांसाठी. रिमोटला कान नाहीत. उन्हाळ्यात लाइट गेली की हाच घोळ. ॲपमध्ये एसी चालू, प्रत्यक्षात घरात अंधार.

मग डबीला खरी स्थिती कळवायची कशी? यावर डोकं लढवणाऱ्यांनी दोन युक्त्या काढल्या आहेत. डबीला डोळा असतोच, तर तो फक्त शिकण्यापुरता कशाला उघडायचा? काही डब्या तो कायम उघडा ठेवतात. कोणी हातातल्या रिमोटने तापमान बदललं तर ती यादी डबीलाही दिसते आणि ती आपली नोंद दुरुस्त करते. दुसरी युक्ती वीज मोजण्याची. एसीच्या वायरवर वीज मोजणारा प्लग बसवायचा (हे काम इलेक्ट्रिशियनकाकांचं, आपण हात लावायचा नाही). एसी नुसता वाट बघत असेल तर काही वॅट, जोरात चालू असेल तर हजाराच्या आसपास.

पण या युक्तीतही एक गोम आहे. बंद झालेला एसी पुन्हा लावला की त्याचा कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही. आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तो साधारण तीन मिनिटं थांबतो. तेवढा वेळ फक्त पंखा फिरतो आणि प्लगवर आकडा छोटाच राहतो. घाईत कोणी ठरवलं की निरोप पोचलाच नाही, तर डबी तोच हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत बसेल आणि एसी टुंग टुंग करत राहील. म्हणून अशी जोडणी करणारे त्यात आधीच लिहून ठेवतात: निरोप दे, चार मिनिटं थांब, आणि मग आकडा बघ.