आधी यार्ड, मग मुहूर्त

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कुठल्याही छोट्या कारखान्यात जा. मशीनवरून पहिला जॉब उतरला की त्याला व्हर्नियर लागतो, गो–नो गो गेज लागतं, आणि इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय पुढचं उत्पादन सुरू होत नाही. महिंद्राचा सातपूरचा कारखाना, जुनी माणसं अजून ‘मायको’च म्हणतात ती बॉश, ओझरला विमानं बांधणारी एचएएल आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप्स यांनी या शहराला मोजून-मापून घ्यायची सवय लावली. 2002 साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथेच तयार झाली.

आणि हाच नाशिककर दसऱ्याला दहा-पंधरा लाखांची गाडी घ्यायला जातो तेव्हा काय होतं? गाडीवरचं कापड ओढलं जातं, हार चढतो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू येतं, आणि या गडबडीत पुढे आलेल्या डिलिव्हरी नोटवर न वाचता सही होते. कंपनीत पाच रुपयांच्या वॉशरला जी नजर मिळते, ती घरच्या गाडीला मिळत नाही.

पासिंगच्या आधीच

पूर्वी नवी गाडी पासिंगसाठी पेठ रोडच्या आरटीओत न्यावी लागे. अधिकारी चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहत. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी आता अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागत नाही. नोंदणीचा अर्ज विक्रेताच करतो. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती द्यायची नाही, असंही त्याच दुरुस्तीने ठरवलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही पेढे घेऊन शोरूमला पोहोचता, तेव्हा गाडी तुमच्या नावावर झालेली असते. कर भरलेला असतो, विमा उतरवलेला असतो. त्या क्षणी दारावरचा डेंट दिसला, तरी ‘दुसरी द्या’ म्हणायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून खरी तपासणी पासिंगच्या आधी, शोरूमच्या झगमगाटात नव्हे तर स्टॉकयार्डात करायची. बुकिंग करतानाच ईमेलवर कळवून ठेवा: चेसिस नंबर ठरला की सांगा, गाडी पाहिल्याशिवाय पासिंगला पाठवू नका.

पितृपक्षात गाडी घ्यायची नाही हा रिवाज आहे, आणि त्यामुळेच घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत डिलिव्हरीची झुंबड उडते. पण पितृपक्षात गाडी पाहायला कोणी बंदी केलेली नाही. यार्ड निवांत असतं, सेल्समनला वेळ असतो, आणि दोष निघालाच तर दुसरी गाडी मागवायला दिवस हातात असतात.

वय विचारा

पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडीही ‘नवी’च असते. तिचं वय चेसिस नंबरात असतं. या 17 अंकाक्षरी नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. अनेक कंपन्या दहाव्या जागी वर्ष देतात: 2024 साठी आर, 2025 साठी एस, 2026 साठी टी. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असू शकते. म्हणून विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 21, यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तर विकताना एक वर्ष जुनी ठरते. ती घ्यायची तर सूट मागून घ्या.

टायरची जन्मतारीखही कोरलेली असते. शेवटचे चार अंक 2325 असतील तर तो टायर 2025 च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाचही टायर पाहा. स्टेपनी विसरू नका. वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त हवा भरलेली असू शकते, ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या.

उन्हात उभी करा

गाडी कारखान्यातून कंटेनरवर बांधून येते, चढते-उतरते, यार्डात मागेपुढे होते. या प्रवासात ओरखडा उठतो, कधी पत्रा दबतो. तो रंगवून दिला की शोरूमच्या दिव्यांत कळतही नाही. म्हणून गाडी धुऊन, कोरडी करून उन्हात उभी करायला सांगा. ओल्या पृष्ठभागावर चरे लपतात. गुडघ्यावर बसून पत्र्यावरून तिरकी नजर टाका. लहर दिसली की थांबा.

बॉनेट, दरवाजे, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. रंग उडून पान्याचे व्रण दिसले, तर ते का उघडले हे विचारा. रबराच्या बीडिंगवर रंगाची फवार दिसली तर ती कारखान्यातली नसावी. प्लॅस्टिक बंपरची छटा किंचित वेगळी दिसू शकते. शेजारशेजारच्या दोन पत्र्यांची वेगळी दिसली तर मात्र शंका घ्या. ब्रेकच्या डिस्कवरचा हलका तांबूस गंज घाबरण्यासारखा नाही, चार ब्रेकमध्ये तो जातो. बॉनेटखाली बॅटरीच्या टोकांवर पांढरा साका, वायरिंगवर उंदराचे दात आणि गाडीखाली तेलाचा ठिपका शोधा.

आत बसा

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे इशारे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा तसाच राहिला तर पुढे जाऊ नका. प्रत्येक काच खालीवर करा, एसी दहा मिनिटं चालवा, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, रिव्हर्स कॅमेरा, मोबाइल जोडणी, सीटबेल्ट, दुसरी किल्ली आणि चाइल्ड लॉक एकेक करून तपासा. ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असणारच. आकडा शंभराच्या पुढे असेल, तर गाडी दुसऱ्या गावाहून चालवत आणली की टेस्ट ड्राइव्हला फिरवली, हे लेखी विचारा. जॅक, पाना आणि टूलकिट हातात घेऊन पाहा.

ट्रॉली आणि कॅरॅव्हॅन

कांदा-द्राक्षाच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात कारपेक्षा ट्रॉलीची खरेदी जास्त जोखमीची. तिचे वेल्डिंग रंगाखाली झाकतात, म्हणून दांडी, आकडा आणि पिन यांच्या जोडावर आधी लक्ष द्या. हायड्रॉलिक जॅक पूर्ण उचलून थोडा वेळ तसाच ठेवा. तो आपोआप खाली येतो का, तेल पाझरतं का, पाहा. फाळक्याची कडी, कमानपाटे, चाकांची ढिलाई आणि मागचे रिफ्लेक्टर तपासा. पासिंग होणार नाही अशी ट्रॉली स्वस्तात मिळाली, तरी अपघातात महागात पडते.

2021 साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशी गाडी घेणाऱ्याला चाकांवरचं घरच तपासावं लागतं. पाण्याची टाकी भरून नळ सोडायचे, छतावर पाइपने पाणी मारून आत ओल येते का पाहायचं, गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, आणि फ्रिज, पंखा, दिवे बाहेरच्या विजेवर व आतल्या बॅटरीवर असे दोन्ही प्रकारे चालवून बघायचे.

कागद आणि सही

फॉर्म 20, 21, 22, टॅक्स इनव्हॉइस, विम्याची पॉलिसी: या सगळ्यांवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अंकन् अंक जुळवा. एक अंक चुकला, तरी विम्याचा दावा अडकू शकतो. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, दर बाहेरही विचारा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, घेतो. तो विवरणपत्रात वजा मिळतो, पावती जपा. कर्ज असेल तर बँकेचं नाव बरोबर लिहिलंय ना, हेही पाहा. इनव्हॉइसमध्ये ‘हँडलिंग’सारखी ओळ दिसली, तर ती कशाची, हे विचारा.

दोष सापडला तर तोंडी आश्वासनावर गाडी घेऊ नका. फोटो काढा, त्याच दिवशी ईमेल करा, दुसरा चेसिस नंबर मागा. नवी गाडी वारंवार दुरुस्त करूनही सुधारत नसेल, तर अमेरिकेत राज्याराज्यांचे ‘लेमन लॉ’ मदतीला येतात. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मात्र आहे. किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते. राष्ट्रीय हेल्पलाइन 1915. आयोगात उपयोगी पडतात ते कागद, आणि डिलिव्हरी नोटवर ‘गाडी उत्तम स्थितीत मिळाली’ या ओळीखाली तुमची सही असेल तर तोही कागद समोरच्या वकिलाच्या हाती असतो.

शोरूमवाले सांगतील, ‘साहेब, आमचं पीडीआय (डिलिव्हरीपूर्व तपासणी) झालंय.’ झालं असेलच. त्यांचा भरलेला तक्ता मागा आणि तो हातात धरून आपली तपासणी करा. कारखान्यात नाशिककर रोज हेच करतो. पुरवठादाराचा रिपोर्ट आला म्हणून माल आत घेत नाही. मुहूर्त पूजेसाठी राखून ठेवा. गाडी पसंत करायचा दिवस त्याच्या निदान आठवडाभर आधीचा, आणि त्या दिवशी सोबत हार नको. टॉर्च आणि वाचायचा चष्मा पुरे.