काळी वाळू, पांढरी वाळू आणि मधला दिवा

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. किल्ल्यावर भगवतीचं देऊळ, वेगळ्या टेकाडावर दीपगृह. बहुतेक पर्यटक सूर्यास्ताच्या फोटोपुरते थांबतात. मुलांना विज्ञान दाखवायला मात्र याहून चांगली जागा कोकणात क्वचितच सापडेल.

समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीवरचा दिवा पाण्यालगतच्या डोळ्यांना साधारण ३८ किलोमीटरवरून दिसू शकतो. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. पण तेवढ्या लांब पोचणारा झोत आणायचा कुठून? चहूकडे विखुरणारा प्रकाश एकवटायला मोठं भिंग हवं, आणि मोठं भिंग म्हणजे भलतंच जाड, अवजड. प्रकाश वळतो काचेच्या पृष्ठभागाशी, मधली जाडी फुकटची, हे ओळखून फ्रेंच अभियंता ऑगस्टिन फ्रेनेलने जाडी वगळली आणि वक्रता तेवढी कड्याकड्यांत ठेवली. १८२३ मध्ये त्याचं भिंग फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसलं. आजही जगभरची दीपगृहं हीच युक्ती वापरतात. प्रत्येकाच्या उघडझापीची लय ठरलेली असते. ती मोजून नाखवा कुठला किनारा आला ते ओळखतो.

आता खाली उतरा. किल्ल्याच्या उत्तरेला पांढरा समुद्र, दक्षिणेकडे मांडवीचा काळा. नावं वाळूवरून पडली आहेत. मांडवीजवळच भाट्याच्या खाडीतून काजळी नदी समुद्राला मिळते. कोकणातल्या नद्या सह्याद्रीचा काळा पाषाण झिजवत येतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक. त्यातले इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या काळ्या खनिजांचे कण गारेच्या कणांपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. पुढचं काम लाटांचं: सुपात पाखडावं तशा त्या हलके कण उडवून नेतात, जड कण मागे राहतात. पांढऱ्या वाळूला उजळ करतो तो शंख-शिंपल्यांचा चुरा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

पडताळा तिथेच घेता येतो. कोरड्या काळ्या वाळूतून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. मॅग्नेटाइटचे कण झुपक्याने चिकटतात. इल्मेनाइटला जोरदार चुंबक लागतं. शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. सोबतच्या मुलांना आणखी एक सांगा: याच काळ्या इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड काढतात, आणि घराच्या भिंतींचा पांढरा रंग पांढरा होतो तो त्याच्यामुळे.