सब्बल, गाळ आणि हरळी

सौंदडला पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणणार नाही. गोंदिया जिल्ह्याची सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात कोसळतो. तरी हमरस्त्यालगतच्या नव्या घरांपुढचं लॉन दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि होळीला मधूनमधून नुसता मुरूम दिसू लागतो. मालक मग रोज संध्याकाळी पाइप धरून उभा. पाणी जातं, गवत काही येत नाही.

मावसभावाच्या अंगणातही तेच चाललं होतं. तिथं कामाला आलेले काका मूळचे धानाचे शेतकरी. त्यांनी पाणी मारून झाल्यावर अर्ध्या तासाने लोखंडी सळई जमिनीत खोचली. बोटभर गेली आणि खडखडली. घर बांधताना प्लॉट उंच करायला मुरूम टाकलेला, त्यावरून विटा-रेतीचे ट्रॅक्टर फिरून तो दाबला गेलेला, वर दोन इंच लाल माती पसरून नर्सरीतलं कार्पेट लॉन अंथरलेलं. ओल बोटभर, म्हणून मुळंही बोटभर. मार्चच्या उन्हात ती किती टिकणार?

काम सुरू झालं ते मृगाच्या तोंडावर. आधी सब्बल. वीत-वीत अंतरावर ठोकायची, गोल हलवायची, उपसायची. कंटाळवाणं आणि हात सोलवटणारं काम; पण सगळी कमाई याच भोकांत आहे. ती भरायला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातला वाळलेला गाळ आणला होता, ग्रामपंचायतीला विचारून. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारांकडून सरकारकडे गेले. पुढे अनेकांत गाळ साचत राहिला. तेव्हा गाळाला इकडे तोटा नाही. मात्र नुसता गाळ पसरला तर वाळून भेगा पडतात आणि भिजला की वर पापुद्रा धरतो, पाणी आत शिरत नाही. काकांनी तो कुटून चाळला, त्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि टिचकीसरशी फुटावा, एवढीच त्यांची परीक्षा.

नर्सरीचं गवत पुन्हा आणायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. बांधीच्या धुऱ्यावरून हरळी उपटून आणली आणि हसत म्हणाले, “जलमभर आमी हे उपटून फेकलं, अन् आता तुमच्या घरी लावून रायलो!” दोन-तीन पेरांचे तुकडे, तिरके दाबलेले, शेंडा तेवढा बाहेर. शेतात छळणारा तिचा चिवटपणा इथं कामाचा: जमिनीखालच्या कांड्या शाबूत असल्या की वरचं पातं वाळलं तरी ती मरत नाही. पावसाच्या झडीत तिने पसरायला सुरुवात केली. लव्हाळा मात्र गाठीसकट काढत राहावं लागलं.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. सहाशे चौरस फुटांच्या अंगणात रोज पाच मिलिमीटर शिंपडलं तर आठवड्याला साधारण एकोणीसशे लिटर जातात, आणि त्यातलं बरंचसं वरच्यावर उडून. तेच आठवड्यातून एकदाच, पहाटे, वीस मिलिमीटर दिलं तर अकराशेत भागतं आणि ओल खाली उतरते. मोजायला पसरट डबे मांडायचे. डब्यात दोन सेंटिमीटर पाणी साचलं की पाइप बंद. पाणी वाहू लागलं तर थोडं थांबून उरलेलं द्यायचं. कापतानाही एका वेळी तिसऱ्या भागापेक्षा जास्त छाटायचं नाही आणि कातरण तिथंच पडू द्यायचं, म्हणजे जमीन झाकलेली राहते.

एप्रिल-मेमध्ये हरळी तपकिरी होते तेव्हा घरच्यांचा धीर सुटतो. माझं मत असं की तिला तशीच राहू द्यावी. दोन-तीन आठवड्यांनी एकदा खोल ओल मिळाली की कांड्या तग धरतात. मे महिन्यात हिरवंगार अंगण हवंच, हा हट्ट बोअरवेलला परवडणारा नाही. आंब्याखालच्या सावलीत हरळी काही धरेना. तेवढ्या जागेचा नाद सोडून काकांनी तिथं बारीक गिट्टी पसरली आणि मावशीने लगेच बाज टाकली.