उतरलेला गुलाबी

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने तैलरंगांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या लेखाचे कारण आमच्या घरातच घडले, आणि शोध घेता घेता मी पुन्हा माझ्याच विषयापाशी येऊन पोचले. म्हणून हे धाडस करते.

दोन वर्षांपूर्वी मी आजीसाठी परसातल्या जास्वंदीचे चित्र तैलरंगात काढले. लाल फुले, हिरवी पाने आणि मागे गुलाबी भिंत. आजीने ते सोप्यात, खिडकीसमोर लावून घेतले. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना मी ते चौकटीतून बाहेर काढले, तेव्हा कडेने करंगळीच्या नखाएवढी गुलाबी पट्टी दिसली. चौकटीखाली झाकलेला तेवढाच भाग गुलाबी राहिला होता. बाकीची भिंत पांढुरकी पडली होती. चित्र रोज डोळ्यांसमोर, त्यामुळे रंग कधी उतरला हे कोणालाच कळले नाही. आजी म्हणाली, "अगं, मला वाटलं तू भिंत पांढरीच काढली होतीस." ते वाक्य माझ्या मनाला लागले.

पुढे वाचनात आले की हेच एका फार मोठ्या चित्रकाराच्या फुलांचेही झाले आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग ८ मे १८८९ रोजी दक्षिण फ्रान्समधील सां-रेमी येथील मनोरुग्णालयात स्वतः होऊन दाखल झाला. तेथील बागेत आयरिस फुलले होते. हे फूल आपल्याकडे सहसा दिसत नाही. पाने तलवारीच्या पात्यासारखी. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबणाऱ्या. दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने त्या ताटव्याचे चित्र काढले. निळ्या फुलांची दाटी आणि तिच्यात एकच पांढरे फूल असे ते चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. पुढच्या वर्षी मे महिन्यात, तेथून निघण्यापूर्वी, त्याने फुलदाणीतील आयरिसची दोन चित्रे काढली. एकाची पार्श्वभूमी पिवळी; ते अ‍ॅमस्टरडॅमला आहे. दुसऱ्याची पार्श्वभूमी गुलाबी असल्याचे त्याने आपला भाऊ थिओ याला पत्रातून कळवले होते. हे दुसरे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्याची पार्श्वभूमी आज जवळजवळ पांढरी दिसते. गुलाबीची खूण उरली आहे ती वरच्या व खालच्या कडेला. आमच्या जास्वंदीसारखीच!

असे का होते? यासाठी तैलरंग म्हणजे काय ते आधी पाहू. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. जवस म्हणजे ज्याची आपण चटणी करतो तोच; माझ्या कानडी मैत्रिणीच्या घरी त्याला अगसी म्हणतात. शेंगदाण्याचे तेल कापडावर पडले तर ते वाळत नाही, जवसाचे वाळते. पण ते पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू ओढून घेते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. (याच क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेऊ शकतात.) पातळ थर हाताला न लागण्याइतका वाळायला काही दिवस लागतात, आतून पक्का व्हायला कित्येक महिने.

फुले रंगवणाऱ्याला हा संथपणा सोयीचाही आहे आणि गैरसोयीचाही. ओल्या निळ्यात ओला पांढरा ओढला की पाकळीची कड अलगद मिसळते. हे जलरंगात इतक्या निवांतपणे जमत नाही. पण जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. रंग वाळेपर्यंत फूल थांबत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत फुलाचा आकार आणि उजेडाची बाजू पकडावी, बारकावे नंतर करावेत. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरच्या थरांत तेल अधिक, हा नियम मोडू नये. नाहीतर पुढे वरचा थर तडकतो. एकाच थरात तेल जास्त झाले तर दुधावर साय धरावी तसा वरून पापुद्रा धरतो, आत ओलेच राहते आणि सुरकुत्या पडतात. माझी पहिली दोन चित्रे अशीच वाया गेली.

आता रंगाकडे वळू. तुळशीवृंदावनाला लावलेली काव उन्हात वर्षानुवर्षे टिकते, पण कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो. हा अनुभव घरोघरी आहे. काव म्हणजे लोहयुक्त माती, तर हळदीचा पिवळा हा सेंद्रिय रंग, आणि तो प्रकाशाने मोडतो. रंगांच्या ट्यूबमध्येही हे दोन्ही प्रकार असतात. विरघळणारा रंग तुरटीसारख्या क्षाराच्या मदतीने पांढऱ्या पुडीवर बसवला की त्याला लेक म्हणतात. व्हॅन गॉग वापरत असलेला जिरेनियम लेक हा इओसिन नावाच्या रंगापासून केलेला होता. इओसिन १८७० नंतरच्या दशकात निघाले. अतिशय तेजस्वी, पण उजेडापुढे न टिकणारे. पांढऱ्यात मिसळले तर गुलाबी, निळ्यात मिसळले तर जांभळे. गुलाबी उडाला की पांढरे उरते, जांभळ्यातला लाल उडाला की निळे उरते. आज निळे दिसणारे गेटीतील आयरिस मूळचे अधिक जांभळे होते, हे तेथील अभ्यासकांनी २०२४ सालच्या प्रदर्शनात दाखवले.

व्हॅन गॉगला हे ठाऊक नव्हते असे नाही. चित्रेही फुलांसारखीच कोमेजतात, असे त्याने भावाला लिहिले होते. काळ रंगांना मवाळ करणारच, म्हणून ते आधीच भडक लावावेत असाही त्याचा हिशेब होता. हिशेब धाडसी खरा. पण रंग मवाळ झाले नाहीत, काही नाहीसेच झाले.

येथे मला लेखाशास्त्राचा तास आठवतो. यंत्रावर, फर्निचरवर आपण दरसाल घसारा काढतो, जमिनीवर काढत नाही. मग चित्र कशात धरावे? ११ नोव्हेंबर १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात बागेतील आयरिसला ५ कोटी ३९ लाख डॉलर मिळाले. तोवर कोणत्याही चित्राला एवढी किंमत आली नव्हती. घेणारे ऑस्ट्रेलियन उद्योगपती अ‍ॅलन बाँड यांना सुमारे निम्मी रक्कम लिलाव करणाऱ्या सदबीज कंपनीनेच कर्जाऊ दिली होती. ती त्यांना फेडता आली नाही, आणि १९९० मध्ये चित्र गेटीकडे गेले. किंमत अशी चढत असताना रंग मात्र उतरतच होता. हा घसारा कोणत्याच ताळेबंदात दिसला नाही.

पण एक वही होती, ती म्हणजे व्हॅन गॉगची पत्रे. पार्श्वभूमी गुलाबी आहे हे त्याने लिहून ठेवले म्हणून ती कोठे गेली हे शोधणे सोपे झाले. नोंद असली की तूट कळते. नोंद नसली तर पांढरी भिंत ही पांढरीच समजली जाते.

यावरून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. ट्यूब घेताना रंगाचे आकर्षक नाव न पाहता तिच्यावरील बारीक अक्षरांतील रंगद्रव्याचा क्रमांक पाहायचा. गुलाबीसाठी पीव्ही १९ हे क्विनॅक्रिडोन चांगले टिकते. पीआर ८३ म्हणजे अ‍ॅलिझरिन, ते पांढऱ्यात मिसळले की लवकर फिके पडते. ज्या ट्यूबवर क्रमांकच नाही, ती चित्रासाठी घ्यायची नाही. माझी गुलाबी ट्यूब तशीच होती. प्रत्येक रंगाची एक पट्टी कागदावर ओढून, निम्मी काळ्या कागदाने झाकून, खिडकीत ठेवायची. सहा महिन्यांनी कागद काढला की खरे काय ते कळते. चित्र थेट उन्हासमोर लावायचे नाही. आणि प्रत्येक कॅनव्हासच्या मागे तारीख व वापरलेले रंग लिहायचे.

आजीच्या चित्राची भिंत पुन्हा रंगवून देऊ का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नको, मला याचीच सवय झालीय. जास्वंद लाल आहे तेवढं पुरे." मी चित्र खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर लावले. लावण्यापूर्वी मागे पेन्सिलीने तारीख घातली आणि लिहिले : मागची भिंत गुलाबी होती.