गोटीची बाटली आणि राखेचे उकिरडे

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वायुमिश्रित पाण्याचा, म्हणजे सोडावॉटरचा, व्यापार वाढू लागला, तेव्हा कारखानदाराची सारी अडचण बुचापाशी येऊन थांबत असे. दाबाखाली भरलेला कर्बवायू बूच सुकून आकसताच निसटून जाई. म्हणून बूच सतत ओले राहावे यासाठी अंड्यासारख्या निमुळत्या बुडाची, उभी राहूच न शकणारी आणि त्यामुळे आडवीच ठेवावी लागणारी बाटली प्रचारात आली, जिला संग्राहक हॅमिल्टन बाटली या नावाने ओळखतात. सफोक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स येथे जन्मलेले अभियंते हिरम कॉड (1838–1887) यांनी 1872 साली जिचे पेटंट घेतले, त्या बाटलीने बुचालाच रजा दिली.

या बाटलीच्या तोंडाच्या आतल्या बाजूस एक खाच असते व तीत रबराचे कडे बसवलेले असते. तिच्या खाली, दोन्ही बाजूंनी चिमटा घेतल्यासारख्या आवळलेल्या गळ्यात, काचेची एक गोटी मोकळी फिरते. बाटली उलटी धरून भरली जाते, त्यामुळे गोटी आपल्या वजनाने तोंडाकडे येते आणि बाटली सुलटी केल्यावरही आतल्या वायूच्या दाबाने रबराला घट्ट चिकटून राहते, म्हणजे ज्या वायूला कोंडायचे तोच दाराला आतून कडी घालतो. लाकडी दट्ट्याने किंवा अंगठ्याने गोटी आत ढकलली की सोडा ‘फुटतो’, आणि ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊन वाट अडवू नये म्हणून गळ्यात काचेचे दोन उंचवटे ठेवलेले असतात, ज्यांच्यामागे ती अडकून बसते. गोटी तोंडापेक्षा मोठी असल्याने ती आधी आत टाकून मग ओठ घडवावा लागे, हे कौशल्य यॉर्कशरमधील बार्न्सली येथील बेन रायलंड्स यांच्या काचकारखान्याने साधले व कॉड यांनी त्यांच्याशी भागीदारी केली. इंग्रजीत निरर्थक बडबडीला ‘कॉड्सवॉलप’ म्हणतात आणि तो शब्द याच बाटलीवरून आल्याचे हौसेने सांगितले जाते. परंतु तो विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी छापात आढळत नसल्याने ही व्युत्पत्ती त्या शब्दाच्या अर्थालाच शोभणारी मानावी लागते.

बाटली महाग होती आणि ती सोड्याबरोबर विकली जात नसे. ती कारखानदाराचीच मालमत्ता राही, म्हणून परत यावी या हेतूने तिच्या अंगावर कारखान्याचे व गावाचे नाव साच्यातूनच उठावात काढलेले असे. मालकी सांगण्यासाठी कोरलेले ते नावच आज संग्राहकाला हवे असते, कारण त्यावरून एखाद्या लहानशा गावातील कधीच बंद पडलेला सोड्याचा कारखाना हाती लागतो. परत येण्याच्या या वाटेत मुलांचा अडथळा मोठा होता, कारण आतली गोटी मिळवण्यासाठी ती बाटल्या सर्रास फोडत.

ज्या वाचल्या त्या बहुधा राखेत वाचल्या. घरोघरी कोळशाच्या शेगड्या असल्यामुळे व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश शहरांचा कचरा मुख्यतः राखेचा असे, आणि गावाबाहेरच्या खाणींत व ओढ्यांच्या काठी तो थरांवर थर टाकला जाई. ही राख भुसभुशीत असल्याने बाटल्या फारशा दबल्या नाहीत. 1970 च्या दशकात हे उकिरडे उकरण्याचा छंद ब्रिटनभर पसरला. शोधक लांब पोलादी सळई जमिनीत खुपसून पाहतो व माती कोठे संपून राख कोठे लागते हे हाताला ओळखतो. मग जमीनमालकाच्या परवानगीने खड्डा घेतला जातो, आणि खोल खड्ड्याची राखेची भिंत केव्हाही ढासळू शकत असल्याने हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही.

सापडलेल्या बाटलीचा काळ प्रामुख्याने तिच्या शिवणीवरून, म्हणजे साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याने काचेवर उमटलेल्या रेषेवरून, ठरवतात: ओठ हाताने घडवलेला असेल तर ती रेषा ओठाच्या खाली विरते, आणि मायकेल ओवेन्स यांच्या 1903 नंतरच्या स्वयंचलित यंत्रावर बनलेल्या बाटलीत ती तोंडापर्यंत जाते. दीर्घकाळ पुरलेल्या काचेवर पाण्याच्या परिणामाने इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. काही संग्राहक बाटली तांब्याच्या तुकड्यांनी व पॉलिशच्या भुकटीने भरलेल्या फिरत्या नळकांड्यात दिवसचे दिवस ठेवून तो घालवतात. वस्तूचे वयच पुसून टाकणारी ही सफाई समर्थनीय वाटत नाही. सामान्य कॉड बाटली फिकट हिरवट असते, तर गडद निळी दुर्मीळ असल्याने तिला फार मोठी किंमत येते.

1892 मध्ये विल्यम पेंटर यांनी धातूच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतल्यानंतर युरोपात ही बाटली मागे पडत गेली. जपानमध्ये ‘रामुने’ या पेयासाठी ती टिकली आणि भारतात गोटी सोडा म्हणून. मुंबईच्या दंगलींत तिला अस्त्राचे काम करावे लागले, आणि जाड भिंगाच्या चष्म्याला मराठीत सोडावॉटरचा चष्मा म्हणतात. येथे मात्र राखेच्या उकिरड्यांसारखे साठे सहसा हाती लागत नाहीत, कारण रिकामी बाटली दुकानदाराकडे, नाहीतर भंगारवाल्याकडे जाते आणि पुन्हा भरली जाते. उत्तर प्रदेशातील सासनी येथे गोटीच्या बाटल्या तयार होत आल्या असल्याने, जुन्या बाजारात धुळीने माखलेली अशी एखादी बाटली दिसली तर ती शंभर वर्षांपूर्वीची की अलीकडची, हे ओठ, शिवण आणि उठावातले नाव नीट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.