घरशाळेचा शरद

आमच्या दोन्ही मुलांची नावं कुठल्याही शाळेच्या पटावर नाहीत. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा. तळेगाव दाभाड्यात राहून दोघं घरीच शिकतात. इतर मुलांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पण आमचं खरं वर्ष भाद्रपदात उजाडतं. पावसाचा जोर ओसरतो, वाटा चालण्याजोग्या होतात, मैदानं वाळू लागतात. गौरी-गणपतींपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस आम्ही पुस्तकं कमी आणि रस्ता जास्त, असे काढतो. २०२५ चा हा हंगाम नुकताच सरला. त्यात मुलांच्या पदरात काय पडलं, हे आठवणी ताज्या आहेत तोवर मांडून ठेवावंसं वाटलं.

घरी शिकवणाऱ्या पालकांना दोन प्रश्न कायम विचारले जातात: अभ्यासाचं काय, आणि मुलांना माणसं कुठे भेटणार? विचारणारे आपुलकीने विचारतात. शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकण्याचा उल्लेखही नाही, त्यामुळे या वाटेला लागलेल्या प्रत्येक घराला स्वतःची उत्तरं स्वतःच शोधावी लागतात. परीक्षेची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, आणि महाराष्ट्रात सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसणं तर सगळ्यांच्या परिचयाचं आहे. पण ते प्रश्न परीक्षेपुरते नसतात. मूल काय आणि कुणाकडून शिकतं, हे त्यांना विचारायचं असतं.

सप्टेंबरच्या मध्यावर कासला गेलो. शनिवार-रविवारी त्या पठारावर फुलांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. आम्हाला आठवड्याच्या मधला वार निवडता येतो, ही घरशाळेची मोठी सवलत. आसपासच्या गावांची समिती पठाराची व्यवस्था पाहते, आणि माहिती सांगायला त्याच गावांतली माणसं असतात. आमच्या वाट्याला आलेले काका मुलांना म्हणाले, "उभं राहून काही दिसायचं नाही. वाटेच्या कडेला बसा." मुलं बसली. उभं असताना सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा दिसत होता. बसल्यावर त्याच्या खालचं जग दिसू लागलं. सीतेची आसवं हे नखापेक्षा लहान, जांभळट निळं फूल. काकांनी सांगितलं, ही वनस्पती शिकारी आहे. ओल्या मातीखाली तिच्या सूक्ष्म पिशव्या असतात, आणि पाण्यातल्या बारीक जीवाने पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला धक्का दिला की पिशवी त्याला आत ओढते. शेजारीच दवबिंदू होती. तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत एक चिलट अडकून पाय हलवत होतं.

थोरलीने विचारलं, "इथल्याच झाडांना शिकार का करावी लागते?" काकांनी बुटाच्या टोकाने वाटेवरची माती जराशी बाजूला केली. बोटभर थराखाली लगेच जांभ्याचा कातळ लागला. एवढ्या मातीत अन्न ते किती असणार, आणि जे असतं तेही पावसाळाभर धुऊन निघतं. जमिनीत नत्र मिळत नाही म्हणून या वनस्पती ते किड्यांच्या देहातून मिळवतात. धाकट्याला सगळ्यात आवडलं ते कवल्याचं फूल. पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून सगळे त्याला मिकी माऊसच म्हणतात. त्याने ते वहीत काढलं, पण त्याच्या शेजारी कातळही काढला, आणि मातीचा थर पट्टीने मोजल्यासारखा बारीक दाखवला.

या सगळ्या दिवसांत खो-खो अखंड चालू होता. थोरली गावातल्या मंडळात खेळते. संध्याकाळचे दोन तास मैदानावर जातात, आणि पावसाने मैदान भिजलं की देवळाच्या मंडपात व्यायाम होतो. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम बांधले, त्याचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्या मैदानावर मुलींची संख्या वाढली आहे, आणि सरांच्या आवाजालाही धार चढली आहे.

घरी शिकणाऱ्या मुलीला या खेळाने जे दिलं, ते आम्ही आईवडील देऊ शकलो नसतो. आक्रमणाच्या वेळी आठ जणी पाटीवर बसतात. एकीचं तोंड इकडे, तर तिच्या शेजारणीचं तिकडे. पाठीमागे काय चाललंय ते पुरतं दिसत नाही. धावणारीला उलटं फिरता येत नाही, बसलेल्यांची ओळ मधूनच ओलांडता येत नाही. पळणारी गडीण दुसऱ्या बाजूला गेली की स्वतःचा पाठलाग तिथेच सोडून पुढचीला खो द्यावा लागतो. आमची मुलगी वेगवान आहे, आणि सुरुवातीला खो देणं तिच्या जिवावर यायचं. सर एकदा तिला म्हणाले, "तुझा वेग तुझ्या संघाचा आहे, तो पुढे दे." गणपतीनंतर तिच्या खेळात फरक पडला. पाटीवर बसलेली असतानाही ती आता खेळात असते. पायाची बोटं जमिनीत रुतवून, पाठीवर पडणाऱ्या हाताची वाट पाहत बसते. घरी तिच्याशिवाय एकच विद्यार्थी आहे, आणि तो तिच्याहून चार वर्षांनी लहान. बरोबरीच्या मुलींत आपली पाळी येईपर्यंत तयारीत राहणं हा धडा मैदानावरच मिळतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. शालेय क्रीडा स्पर्धांत प्रवेश शाळेमार्फतच घ्यावा लागतो, त्यामुळे तिच्या मैत्रिणी शाळेकडून तालुक्याला खेळायला जातात तेव्हा ती कठड्यावर बसून टाळ्या वाजवते. संघटनेच्या किशोरी गटाच्या स्पर्धा मंडळांमार्फत होतात, त्या तिला खेळता येतात. पण मुक्त विद्यालयांतून शिकणाऱ्या, शाळा सुटलेल्या, स्थलांतरित मजुरांच्या कितीतरी मुलांजवळ ना शाळा असते ना मंडळ. पटावर नाव नाही म्हणून पळता येणाऱ्या मुलाला पळू न देणं योग्य नाही. मोकळ्या प्रवेशाचा एखादा गट या स्पर्धांत असावा, असं मला फार वाटतं.

नवरात्रात पाटीपूजन घरीच केलं. दसऱ्यानंतर लोहगडाचा बेत होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत तो आहे. लोकलने मळवलीला उतरलो, भाजे लेणी पाहिली, आणि गायमुख खिंडीतून वर चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या ओळीने लागणाऱ्या दारांवर बराच वेळ गेला. धाकट्याने एक खेळ काढला: आपण शत्रू आहोत. प्रत्येक वळणावर थांबून तो वर बघे, आणि आपल्यावर दगड कुठून पडेल ते सांगे. एका दारातून पुढचं दार दिसत नाही, वाट वळून वळून बुरुजाच्या माऱ्यात येते, हे त्याचं त्यालाच समजलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड होता आणि १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला, हे वडिलांनी त्याला महादरवाजाच्या पायरीवर बसून सांगितलं. "एवढी दारं असताना द्यावा लागला?" हा त्याचा प्रश्न होता. तहात किल्ले का द्यावे लागतात, यावर मग गडाच्या विंचूकाटा या सोंडेपर्यंत बोलणं चाललं.

दिवाळीला अंगणात अर्थातच लोहगड झाला. विटा, पोती, तांबडी माती, आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव. गल्लीतली मुलंही आली. चारही दारं वळणावळणानेच आली पाहिजेत, हा धाकट्याचा हट्ट होता. विंचूकाट्याची सोंड पुन्हा पुन्हा ढासळत होती. शेजारच्या मुलाने तिच्यात काटक्या रोवल्या, तेव्हा ती उभी राहिली.

या हंगामाचा सगळ्यात जड भाग दिवाळीनंतर आला. थोरलीच्या संघातली एक मुलगी आंदर मावळातली. तिच्या घरी इंद्रायणी भाताची शेती आहे, आणि कापणीला या असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस थांबला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा पिकलेलं भात आडवं होऊन पाण्यात पडलं होतं. काही लोंब्यांना कोंब फुटले होते. मैत्रिणीच्या आजीने थोरलीच्या हातात विळा दिला. "पोरी, मूठ खालनं धर. विळा अंगाकडं वढायचा, पाय माघं ठेव." उभं भात सपासप कापलं जातं. आडवं पडलेलं आधी चिखलातून उचलावं लागतं, मग कापावं लागतं, मग बांधावर पसरावं लागतं. दुपारपर्यंत दोन्ही मुलांच्या हातांना फोड आले. धाकटा पेंढ्या वाहत होता. किती भात घरात येणार आणि किती गेलं, याचा हिशेब आजी कुणाला न सांगता मनात करत होत्या, हे त्याच्याही लक्षात आलं. रात्री ताटात भात उरला, तेव्हा त्याने तो मुकाट्याने संपवला. त्या दिवशी आम्ही काहीही शिकवलं नाही, आणि शिकवायचं काही शिल्लकही नव्हतं.

नोव्हेंबरात इतर मुलांच्या शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सुट्टी म्हणून बोरघाट उतरून खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला गेलो आणि एक रात्र तिथेच राहिलो. त्या दिवसांना अभ्यासाचा कुठलाही हेतू जोडायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. घरी शिकणाऱ्या मुलांना निव्वळ मौजेचीही गरज असते, आणि प्रत्येक गोष्टीतून धडा काढणारे पालक सोबत असले तर ती मिळत नाही. नायट्रो या रोलर कोस्टरवर थोरली बापाबरोबर बसली. पाय लोंबकळत ठेवणारी ती गाडी साखळीने चाळीसेक मीटरवर चढते आणि सोडून दिली जाते. पुढच्या सगळ्या उलट्या-पालट्या पहिल्या उंचीच्या जिवावर चालतात. खाली उतरल्यावर तिला शब्द सुचत नव्हते. धाकटा नायट्रोच्या उंचीत बसला नाही, पण त्याचं मन राजासॉरसच्या होडीत गुंतलं होतं. अंधारातून डायनासोर अंगावर येतात, आणि शेवटी होडी उतारावरून पाण्यात कोसळते. चिंब भिजून तो पुन्हा रांगेत उभा राहिला. वार कामाचा, रांगा छोट्या, त्यामुळे त्याला हवं तेवढं भिजता आलं.

पण मुलांचं डोकं सुट्टीवर जात नाही. घरी आल्यावर त्याने राजासॉरसबद्दल जे मिळेल ते वाचायला घेतलं. हा प्राणी खरोखर होता, आणि आपल्याच देशात होता. गुजरातेतल्या राहियोली गावाजवळ १९८० च्या दशकात त्याची हाडं मिळाली. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस असं ठेवलं. ज्या थरांत ती हाडं सापडली, त्या लमेटा थरांवर दख्खनच्या लाव्ह्याचे थर बसले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो लाव्हा वाहत होता, आणि त्याचाच सह्याद्री झाला. एका सकाळी तो कासची वही घेऊन आला. "आई, लोहगडाचा दगड म्हणजे तोच लाव्हा ना? मग कासचा कातळ?" कासचा जांभाही त्याच बेसॉल्टची झीज होऊन बनलेला आहे, हे थोरलीने त्याला शोधून दिलं. शिकारी फुलं, भाज्याची लेणी, चार दारांचा गड आणि होडीतला डायनासोर एकाच दगडावर येऊन उभे राहिले. दोघांनी मिळून मोठ्या कागदावर सह्याद्रीचा उभा छेद काढला. तो आता भिंतीवर आहे, आणि अजून भरतो आहे.

अभ्यासाचं काय, या प्रश्नाचं माझं उत्तर तो कागद आहे. मुलाला सलग वेळ मिळाला तर तो सुटे तुकडे आपणहून जोडतो. सप्टेंबरातलं फूल आणि नोव्हेंबरातला डायनासोर यांच्यामध्ये कुणी चाचणी घेतली नाही, धडा बदलला नाही, घंटा वाजली नाही. हा वेळ देता येणं ही मोठी चैन आहे, याची मला जाणीव आहे. घरातल्या एकाला पूर्णवेळ मुलांबरोबर राहता आलं पाहिजे, आणि बहुसंख्य घरांना ते परवडत नाही. त्यांच्यासाठी चांगली सरकारी शाळा हाच खरा आधार आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. जिच्या शेतात आम्ही राबलो ती मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते, आणि तिचं गणित आमच्या थोरलीपेक्षा पक्कं आहे.

माणसं कुठे भेटणार, या प्रश्नाचं उत्तर तर त्याहून स्पष्ट मिळालं. माती बाजूला करून कातळ दाखवणारे काका, खो द्यायला शिकवणारे सर, विळा कसा धरायचा ते सांगणाऱ्या आजी, विंचूकाट्यात काटक्या रोवणारा शेजारचा मुलगा, यांतलं कुणीही आमच्या घरातलं नाही. ही माणसं वगळली तर या अडीच महिन्यांत मुलं फार थोडं शिकली असती. म्हणून घरी शिकवायचा विचार करणाऱ्या पालकांना माझं सांगणं एवढंच आहे: अभ्यासक्रम निवडण्याआधी मुलासाठी एक मैदान शोधा, आणि आपल्याला येत नसलेलं काहीतरी ज्यांना नीट येतं अशी चार माणसं शोधा. घर मुलाला वेळ देऊ शकतं. बाकीचं बरंचसं गावाकडे मागावं लागतं, आणि मोकळ्या मनाने मागितलं तर गाव देतं.