मोठा बोअर, कमी ब्रेक

पुढचा डिस्क ब्रेक नीट पकडत नाही अशी तक्रार घेऊन मोटरसायकलवाला दुकानात गेला, की काउंटरवर बहुधा मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून जास्त व्यासाचा, मास्टर सिलिंडर येतो. तो बसवला की लिव्हर कडक लागतो, आणि कडक म्हणजे जोरदार असं हाताला वाटतं. हिशेब नेमका उलटा आहे. हाताचा जोर तेवढाच असताना पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेलातला दाब उतरतो. शिवाय क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे दोन मिलिमीटरही किरकोळ नसतात. लिव्हरची ठेवण तीच ठेवून १४ मिमीच्या जागी १६ मिमीचा बोअर आणला, तर दाब सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. लिव्हरची चालही तेवढीच आखूड होते. हाताला जाणवणारा कडकपणा तो हाच. गाडी थांबवायला मात्र आता जास्त आवळावं लागतं.

म्हणून मास्टर सिलिंडर एकटा निवडताच येत नाही, तो डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरशी जुळवावा लागतो. पुढे एकच डिस्क आणि एका बाजूने दाबणारे ३० मिमीचे दोन पिस्टन असलेला कॅलिपर घ्या. १२.७ मिमीचा, म्हणजे अर्ध्या इंची, मास्टर सिलिंडर तिथे पिस्टनवरचा जोर साधारण ११ पट करतो. १६ मिमीचा ७ पट, आणि १९ मिमीचा जेमतेम ५ पट. मग रेसवाले १९ मिमीचा का वापरतात, असं कुणी विचारेल. त्यांच्या पुढच्या चाकाला दोन डिस्क आणि चार-चार पिस्टनचे दोन कॅलिपर असतात, तेवढं तेल ढकलायला बोअर मोठाच हवा. शिवाय ब्रेम्बो कंपनीच्या रेडियल मास्टर सिलिंडरवर १९×१८ किंवा १९×२० असे दोन आकडे असतात. पहिला बोअरचा, दुसरा लिव्हरच्या खिळीपासून पिस्टन ढकलण्याच्या जागेपर्यंतचं अंतर. हे अंतर २० वरून १८ वर आलं की त्याच हातात सुमारे ११ टक्के जास्त जोर मिळतो. गिऱ्हाईक पहिला आकडा विचारतो आणि दुसरा विसरतो.

तर मग सगळ्यात लहान बोअर घ्यावा का? तेही नाही. सायकलच्या बारीक पंपाला जोर कमी लागतो, पण दांडा जास्त वेळा मारावा लागतो. ब्रेकला ती सवलत नाही, सगळं एकाच दाबात उरकावं लागतं. बोअर फार लहान असला तर पॅड पुरते आवळण्याआधीच लिव्हर मुठीला टेकतो. एबीएस सांभाळून घेईल, ही समजूतही फोल आहे. मोटरसायकलचं साधं एबीएस चाक लॉक होऊ नये म्हणून दाब कमी करतं, अपुरा दाब भरून काढत नाही.

नवा मास्टर सिलिंडर बसवल्यावर ब्रेक खरोखर सुधारला, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण त्या कामात जुनं ऑइल निघतं, हवा काढली जाते, रबरी सील नवे येतात, आणि श्रेय नव्या बोअरला मिळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीसाठी ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस ठरलेला आहे. ओल धरलेल्या तेलाचा १५५. घाटात सतत ब्रेक लावत उतरताना हा फरक जाणवतो. म्हणून आधी ऑइल, पॅड, जुनी रबरी नळी आणि गरज पडल्यास सील किट. हा खर्च नव्या मास्टर सिलिंडरपेक्षा बराच कमी असतो. सिलिंडरला आतून चरे पडले असतील, पडझडीत तो फुटला असेल किंवा कॅलिपरच बदलला असेल, तर बदलणं रास्त. कॅलिपर तोच असेल तर बोअरही कंपनीचाच ठेवावा.

विकत घेताना बॅन्जो बोल्टचे आटे तपासावेत. एम१० मध्येही १ मिमी आणि १.२५ मिमी असे दोन पिच येतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे मारतो. त्याहून घातक चूक लिव्हरची. ऑइलच्या टाकीच्या तळाशी बारीक छिद्र असतं. लिव्हर सोडल्यावर ते उघडं राहावं म्हणून लिव्हरला किंचित मोकळी चाल हवी. बाहेरचा लिव्हर पिस्टनला थोडासा जरी दाबून राहिला, तरी छिद्र झाकलं जातं, तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट उरत नाही, आणि ब्रेक न लावताच पॅड डिस्कला आवळत जातात. बसवल्यावर गाडी थोडी चालवून, पुढचं चाक उचलून हाताने फिरवून पाहिलं की हा दोष लगेच कळतो.